लिनक्स मध्येच हँग होतं आणि लॉगमध्ये काहीच सापडत नाही

पाऊलवाट (सोमवार, रात्री १२:१०)

नमस्कार. गेले दोन महिने माझा लॅपटॉप मध्येच हँग होतो. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर काही नाही. काय केलं की होतं, हे अजून पकडता आलेलं नाही.

मशीन तीन वर्षांचं आहे. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच. डेबियनवर आधारलेलं वितरण, कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.१, डेस्कटॉप वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) चालतो. माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर एक पीडीएफ, एक रायटरची फाइल आणि ब्राउझरमध्ये शब्दकोशाचे दोन-तीन टॅब, याहून जास्त काही उघडं नसतं.

होतं असं, की मी पान वाचत असते, वाचून झालं की दुरुस्ती करायला रायटरमध्ये जाते, फाइल सेव्ह करते आणि ती सेव्हच होत नाही. माउसचा बाण हलतो. कोपऱ्यातलं घड्याळही मिनिटभर चालू असतं. नवं काही उघडायला गेलं तर उघडत नाही. मग हळूहळू एकेक खिडकी उत्तर देईनाशी होते आणि शेवटी बाणही थांबतो. पॉवर बटण दाबून धरण्यापलीकडे काही सुचत नाही.

जर्नलसीटीएलला डॅश बी आणि -१ देऊन आधीच्या बूटचा लॉग पाहिला. शेवटची ओळ हँग होण्याच्या तीन-चार मिनिटं आधीची आणि अगदी साधी. त्यानंतर काही नाही. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवून पाहिली, एकही चूक नाही.

काल एका प्रकरणाच्या चाळीस पानांच्या दुरुस्त्या गेल्या. प्रत जाण्याची तारीख जवळ आली आहे आणि आता मला या मशीनवर विसंबून बसायची भीती वाटते. कुठून सुरुवात करू?

अर्धविराम (सोमवार, सकाळी ७:३५)

पाऊलवाट, इतकं नीट लिहिलंत त्याबद्दल आभार. 'हँग होतं, उपाय सांगा' एवढ्यावर आम्हाला अंधारात चाचपडावं लागतं.

एक विनंती. इथे आता भराभर उपाय येतील. कर्नलला हा पॅरामीटर द्या, ते बंद करा, हे जुनं टाका. त्यातलं काहीही अजून करू नका. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणं थांबलं, तरी कशानं थांबलं ते कळत नाही. महिन्याने परत आलं की पुन्हा पहिल्यापासून. आधी नाडी बघू.

हँग हा शब्द एकच असला तरी त्याखाली निरनिराळे आजार येतात. रॅम संपून मशीन गुदमरतं. ग्राफिक्स अडकतं, म्हणजे चित्र थिजतं पण आत सगळं चालू असतं. प्रोसेसर झोपेत जातो तो परत येत नाही. डिस्क उत्तर देणं सोडते. यातलं कुठलं, हे ओळखायला एकच प्रश्न विचारायचा: त्या वेळी काय काय अजून जिवंत आहे?

म्हणून पुढच्या वेळी बटणाकडे हात नेण्याआधी कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का पाहा. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळा कन्सोल येतो का पाहा. गाणं चालू असेल तर ते चालू राहतं, थांबतं, की एकाच सुरावर अडकतं, तेही. जे दिसेल ते वेळेसकट कागदावर लिहून ठेवा. कागदावरच, कारण मशीनवर लिहिलेलं त्याच्याबरोबर जाईल.

दीपमाळ (सोमवार, सकाळी ९:०२)

अर्धविराम, दिव्याबद्दल एक भर घालते. वेलँडमध्ये कॅप्स लॉकचा दिवा कंपोझिटरच्या (खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सांगण्यावरून लागतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ची दखलही तोच घेतो. त्यामुळे दिवा लागला तर कर्नल आणि कंपोझिटर दोन्ही जिवंत, हे पक्कं. पण लागला नाही म्हणून कर्नल मेला असं ठरत नाही, फक्त कंपोझिटर अडकलेला असू शकतो. दिवा आपोआप उघडझाप करायला लागला तर मात्र ते कर्नल पॅनिक.

खरी कसोटी बाहेरून लागते. लॅपटॉपचा आयपी पत्ता आत्ताच टिपून ठेवा आणि हँग झालं की त्याच वायफायवरच्या फोनवरून पिंग करा, म्हणजे 'आहेस का' असा छोटा निरोप पाठवा. पिंगला उत्तर कर्नल स्वतः देतो, त्याला डेस्कटॉपही लागत नाही आणि डिस्कही लागत नाही. उत्तर आलं तर अर्धं कोडं तिथेच सुटलं.

आणि पॉवर बटणाऐवजी ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनचीच कळ, लॅपटॉपवर कधी एफएनसोबत) दाबून धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबा. आर कीबोर्ड डेस्कटॉपच्या ताब्यातून सोडवतो, ई प्रोग्रॅमना थांबायला सांगतो, आय त्यांना सक्तीने संपवतो, एस राहिलेलं डिस्कवर लिहितो, यू डिस्क फक्त-वाचनीय करतो, बी रीबूट करतो. उबुंटूत यासाठीचा मूळ आकडा १७६ असतो, म्हणजे १६, ३२ आणि १२८ यांची बेरीज, आणि त्यात फक्त एस, यू, बी ला परवानगी आहे. तुमच्याकडचा आकडा प्रॉक-सिस-कर्नल-सिसआरक्यू या फाइलमध्ये दिसेल. दुखणं सापडेपर्यंत तिथे १ ठेवा, म्हणजे सगळी अक्षरं चालतील.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत.)

वळीव (सोमवार, सकाळी ११:४०)

माझा अनुभव सांगतो. असंच व्हायचं. शेवटी होम फोल्डरचा बॅकअप घेऊन सगळं नव्याने इन्स्टॉल केलं, तेव्हापासून शांत. दोन तासांचं काम आहे. इतकं संशोधन करण्यापेक्षा ते बरं नाही का?

अर्धविराम (सोमवार, दुपारी १:१५)

वळीव, तुमचं थांबलं याचा आनंद आहे आणि बॅकअपचा सल्ला शंभर टक्के बरोबर. पाऊलवाट, तो आजच घ्या, बाहेरच्या डिस्कवर.

नव्याने इन्स्टॉल करण्याला मात्र माझा विरोध आहे. त्याने पुरावा पुसला जातो. दोष हार्डवेअरचा किंवा ड्रायव्हरचा असेल तर नव्या इन्स्टॉलेशनमध्येही तेच कर्नल येणार आणि तोच दोष येणार. आठवड्यातून एकदा होणारं हँग इन्स्टॉलनंतर दहा दिवस झालं नाही, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो.

काजवा (सोमवार, संध्याकाळी ६:२०)

याच धाग्यावर विचारतो, वेगळा काढायचा असेल तर सांगा. माझंही हँग होतं, पण निराळं. ८ जीबी रॅम, ब्राउझरमध्ये तीसेक टॅब आणि वर एक व्हर्च्युअल मशीन. बाण झटके देत पुढे सरकतो, डिस्कचा दिवा अखंड पेटलेला. पाच-दहा मिनिटं थांबलं तर कधीकधी आपोआप सुटतं. स्वॅपमुळे (रॅम पुरेनाशी झाली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) डिस्कवर ताण येतो असं वाचून स्वॅप पूर्ण बंद केला, तर उलट जास्त वाईट झालं. असं कसं?

दीपमाळ (सोमवार, रात्री ९:४८)

काजवा, तुमचं दुखणं रॅमचं, यात मला शंका नाही. स्वॅप बंद केल्यावर वाढलं हे ऐकून आश्चर्य वाटत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की जरा सविस्तर लिहिते.

रॅममध्ये दोन तऱ्हेची पानं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, असतात. एक, प्रोग्रॅमने स्वतः तयार केलेली माहिती, जिची प्रत डिस्कवर कुठेच नाही. दुसरी, डिस्कवरच्या फाइलींची पानं. प्रोग्रॅमचा स्वतःचा कोडही यातच आला. रॅम संपत आली की कर्नलला काहीतरी बाहेर काढावं लागतं. स्वॅप असेल तर पहिल्या तऱ्हेतली अडगळीत पडलेली पानं तिथे जातात, उदाहरणार्थ तासभर न पाहिलेला टॅब. स्वॅपच नसेल तर त्यांना जायला जागा नाही. मग कर्नलच्या हाती फक्त दुसरी तऱ्हा उरते. तो चालू प्रोग्रॅमचा कोड बाहेर टाकतो, कारण तो डिस्कवरून परत वाचता येतो. आणि तो कोड पुढच्याच क्षणी लागतो. पुन्हा वाचा, पुन्हा टाका. तुमचा दिवा अखंड पेटतो तो यामुळे. स्वॅप नसतानाही.

कर्नलचा ओओएम किलर (रॅम संपली की एखादा प्रोग्रॅम मारणारा भाग) अशा वेळी धावून येईल असं वाटतं, पण तो फार उशिरा येतो. त्याच्या हिशेबी रॅम अजून परत मिळवता येते आहे, मग कुणाला मारायचं कशाला? मशीन चालतंय की रांगतंय हे तो पाहत नाही.

ही उणीव भरून काढायला कर्नल ४.२० मध्ये, म्हणजे २०१८ च्या अखेरीस, प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन आलं. प्रॉक-प्रेशर-मेमरी ही फाइल उघडून पाहा. 'फुल' या ओळीतला एव्हीजी१० चा आकडा म्हणजे गेल्या दहा सेकंदांत किती टक्के वेळ सगळीच कामं रॅमसाठी अडून बसली होती. निरोगी मशीनवर तो शून्याच्या आसपास असतो. तुमचा झटके देत असताना पाहा, तो कुठे गेलेला असेल ते दिसेलच.

उपाय म्हणून स्वॅप परत चालू करा. शक्य असेल तर झेडरॅम घ्या, त्यात स्वॅप डिस्कवर न जाता रॅममध्येच आकसून ठेवला जातो. फेडोराने २०२० मध्ये ३३व्या आवृत्तीपासून हेच मूळ मांडणीत घेतलं. आणि अर्लीओओएम बसवा. मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तो सगळ्यात जड प्रोग्रॅमला थांबायला सांगतो आणि ५ टक्क्यांखाली गेले की सक्तीने थांबवतो. एखादा टॅब जाईल, पण मशीन हातात राहील. सिस्टमडी-ओओएमडी हेच काम वर सांगितलेल्या प्रेशरच्या आकड्यांवरून करतो. तुमच्या वितरणात तो आधीच चालू असेल तर दोन्ही एकत्र ठेवू नका.

आत्ता अडकलात तर ऑल्ट-सिसआरक्यू-एफ. त्याने ओओएम किलर लगेच जागा होतो.

काजवा (मंगळवार, सकाळी ८:१२)

झटके देत असताना 'फुल' एव्हीजी१० चा आकडा ७१ होता! एरवी ०. स्वॅप नसताना दिवा का पेटतो हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. अर्लीओओएम आणि झेडरॅम दोन्ही बसवतो. वाचनखूण साठवली आहे.

उंबरठा (मंगळवार, सकाळी १०:३०)

पेन ड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करताना माझं सगळं थांबायचं, तो याच कुळातला प्रकार. लिहायची राहिलेली माहिती उपलब्ध रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत साचू दिली जाते. पेन ड्राइव्ह सावकाश असला की ती ओसरायला बराच वेळ जातो आणि तोवर बाकीचे प्रोग्रॅम लिहायला गेले की अडतात. या साचण्याची मर्यादा ठरवणाऱ्या व्हीएम.डर्टी_बाइट्सला ठरावीक छोटा आकडा दिल्यावर थांबलं. पाऊलवाटताईंचं हे नाही हे उघड आहे. पुढे कुणी शोधत आलं तर सापडावं म्हणून लिहिलं.

वळीव (मंगळवार, दुपारी १२:०५)

रॅम नसेल तर प्रोसेसरच्या सी-स्टेटचं (त्याच्या झोपेच्या अवस्थांचं) असू शकेल का? २०१७ च्या पहिल्या रायझन प्रोसेसरवर मशीन रिकामं बसलेलं असताना हँग व्हायचं आणि बायोसमधल्या पॉवर सप्लाय आयडल कंट्रोलला 'टिपिकल करंट आयडल' केलं की थांबायचं. इंटेलच्या बे ट्रेल चिप्सवर इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ द्यावं लागायचं, त्यावर कर्नलच्या बगझिलात (दोषांच्या नोंदवहीत) केवढा मोठा अहवाल आहे. पाऊलवाटही म्हणतात की त्या वाचत असताना होतं, काम करत असताना नाही. म्हणजे मशीन रिकामंच.

अर्धविराम (मंगळवार, दुपारी २:५०)

वळीव, 'वाचत असताना' ही चांगली पकड. माझ्या नजरेतून निसटली होती. मशीन निवांत असताना बिघडतं, म्हणजे वीजबचतीतलंच काहीतरी, इथवर पूर्ण सहमत.

पण प्रोसेसर झोपेतून उठला नाही तर सगळं एका क्षणात थिजतं. बाण, घड्याळ, आवाज, सगळं एकदम. इथे बाण हलतो, घड्याळ मिनिटभर चालतं आणि मग एकेक खिडकी मरते. प्रोसेसर जागा आहे. झोपलंय ते दुसरं कुणीतरी. पाऊलवाट यांचं पुढचं निरीक्षण येईपर्यंत थांबतो.

पाऊलवाट (बुधवार, रात्री ११:२०)

आज झालं. संध्याकाळी ७:४२. कागदावरून उतरवते आहे.

सात-आठ मिनिटं एकच पान वाचत होते, अवग्रहांच्या खुणा तपासत. मग सेव्ह केलं आणि रायटर थिजला. कॅप्स लॉकचा दिवा लागला, विझला. फोनवरून पिंग केलं, उत्तर आलं! सगळी उत्तरं नीट येत होती. फोनवरून एसएसएचने (दुरून लॉगइन करायची सोय) आत जायला गेले तर पासवर्ड विचारलाच नाही, नुसतं थांबून राहिलं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने काळा पडदा आला, नाव टाकलं, पुढे काही नाही. आधी उघडं असलेलं टर्मिनल अजून चालत होतं. त्यात एलएस टाकलं तर 'इनपुट/आउटपुट एरर' असं आलं. ७:४६ ला बाणही थांबला.

मग सिसआरक्यूची सहा अक्षरं दाबली. रीबूट झालं. पण नेहमीसारखं बूट करायला डिस्क नाही असा निरोप आला, म्हणून बटण दाबून पूर्ण बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि मग सुरू झालं.

दीपमाळ (बुधवार, रात्री ११:३१)

थांबा. 'नेहमीसारखं'? हँगनंतर नुसतं रीबूट केलं की बायोसला डिस्क सापडत नाही आणि पूर्ण बंद करून चालू केलं की सापडते, असं दर वेळी होतं?

पाऊलवाट (बुधवार, रात्री ११:३६)

दर वेळी बटणानेच बंद करत असल्यामुळे फार वेळा पाहिलेलं नाही. पण सुरुवातीला दोनदा रीबूट केलं होतं तेव्हा हेच झालं होतं. तेव्हा वाटलं, मशीन गडबडलेलं आहे म्हणून होत असेल. सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही.

दीपमाळ (गुरुवार, रात्री १२:१५)

सांगण्यासारखंच होतं, आणि बरं झालं सांगितलंत. एसएसडीच बसून जाते आहे. रीबूटमध्ये तिची वीज तुटत नाही, म्हणून ती तशीच बेशुद्ध राहते आणि बायोसलाही सापडत नाही. पूर्ण बंद केलं की वीज तुटते आणि ती शुद्धीवर येते.

बाकीचं सगळं यात चपखल बसतं. पिंगला डिस्क लागत नाही, म्हणून उत्तर येतं. एसएसएचला नवी प्रक्रिया सुरू करायला डिस्कवरून वाचावं लागतं, म्हणून ते अडतं. जे रॅममध्ये आधीच आहे तेवढं चालतं. डेस्कटॉपला रॅममध्ये नसलेलं एखादं पान लागलं की तोही त्या क्षणी अडकतो. म्हणून एकेक करून.

आणि लॉग रिकामा का? लॉग लिहायचा कुठे? ज्या डिस्कवर लिहायचा तीच गेलेली. त्यात लॉग लिहिणारा जर्नलडी साधे संदेश दर पाच मिनिटांनीच डिस्कवर पक्के करतो. फक्त क्रिटिकल आणि त्यावरचे संदेश लगेच लिहायला जातो. म्हणून तुमच्या शेवटच्या ओळीनंतर तीन-चार मिनिटांचं भोक दिसतं. दोन महिने रिकामा दिसणारा तो लॉग खरं तर हेच सांगत होता.

पण हा अजून तर्क आहे. कर्नलच्या तोंडून ऐकल्याशिवाय काही बदलायचं नाही. फोनवरून आधीच एसएसएच करून ठेवा आणि त्यात सुडो डीमेसेज डॅश डब्ल्यू (कर्नलचे संदेश येतील तसे दाखवणारी कमांड) चालू करून सोडून द्या. ती कमांड एकदा रॅममध्ये आली की तिला डिस्क लागत नाही. कर्नल जे बोलेल ते फोनवर उमटत राहील. फोनचा पडदा बंद झाल्यावर जोडणी तुटू नये याची काळजी घ्या.

एक विचारायचं राहिलं. दोन महिन्यांपूर्वी काय बदललं होतं?

पाऊलवाट (गुरुवार, सकाळी ७:०५)

एसएसडी. २५६ ची काढून ५१२ ची बसवली, जुनीवरून जशीच्या तशी क्लोन केली. पण पहिले दहा-बारा दिवस काही झालं नव्हतं, म्हणून तिच्यावर संशयच घेतला नाही. फोन लावून ठेवला आहे.

अर्धविराम (गुरुवार, सकाळी ७:४०)

दहा-बारा दिवस काही न होणं हे आठवड्यातून एकदा होणाऱ्या दुखण्यात सहज बसतं. आपलं मन मात्र तेवढ्यावरून त्या गोष्टीला निर्दोष सोडून देतं. माझंही असंच एकदा झालं होतं, रॅमच्या नव्या पट्टीच्या बाबतीत. सहा आठवडे बाकी सगळं तपासत बसलो होतो.

तोवर स्मार्टसीटीएल डॅश ए देऊन एसएसडीचा अहवाल टाका. त्यात पॉवर स्टेट्सचा (वीजबचतीच्या पायऱ्यांचा) तक्ता असतो, तोही.

पाऊलवाट (शुक्रवार, दुपारी ४:३०)

सापडलं! ३:५८ ला हँग झालं आणि फोनवर ओळी उमटल्या. हातात फोन धरून मी नुसती पाहत राहिले. पहिली ओळ अशी, की एनव्हीएमई०, कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट, सीएसटीएस बरोबर ०एक्स आणि पुढे आठ वेळा एफ. त्याखाली कर्नलने स्वतःच विचारलंय की या उपकरणात वीजबचतीची सदोष पद्धत चालू आहे का, आणि तिथेच पॅरामीटरचं नावही दिलंय: एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०, सोबत पीसीआयई_एएसपीएम=ऑफ. मग फाइल सिस्टम फक्त-वाचनीय झाल्याच्या ओळी.

स्मार्ट अहवालात आरोग्य ठीक, मीडिया एरर ०, झीज २ टक्के. अनसेफ शटडाउन ४७. पॉवर स्टेट पाच आहेत, ० ते ४. तिसरीत आत जायला २१० आणि बाहेर यायला १२०० मायक्रोसेकंद लिहिलेत. चौथीत २००० आणि ८०००.

दीपमाळ (शुक्रवार, संध्याकाळी ५:१०)

शाब्बास! दोन महिने हे वाक्य कर्नल दर हँगला म्हणत असणार, ऐकायला कुणी नव्हतं.

सीएसटीएस म्हणजे एसएसडीच्या कंट्रोलरची स्थिती. आठही एफ म्हणजे सगळे बिट १. पीसीआयईवर (एसएसडी ज्या वाटेने जोडलेली असते ती) पलीकडून कुणी उत्तरच दिलं नाही की वाचणाऱ्याला असंच दिसतं. म्हणजे कंट्रोलरने 'मी चुकलो' असंही म्हटलेलं नाही, तो जागेवरच नाही.

एनव्हीएमईत एपीएसटी नावाची सोय असते. ठरावीक वेळ काम आलं नाही की एसएसडी आपणहून खालच्या पॉवर स्टेटमध्ये जाते. लिनक्समध्ये ती २०१७ साली कर्नल ४.११ पासून आली. कर्नल मूळ मांडणीत १,००,००० मायक्रोसेकंदांपर्यंतच्या स्टेट्सना परवानगी देतो, म्हणजे तुमची चौथीही त्यात आली. काही एसएसडी आणि काही मदरबोर्ड यांची जोडी जमत नाही आणि सगळ्यात खोल झोपेतून कंट्रोलर उठतच नाही. दोष एसएसडीच्या फर्मवेअरचा (तिच्या आतल्या प्रोग्रॅमचा), बोर्डाचा, की दोघांच्या जमण्याचा, हे बाहेरून ठरवणं कठीण.

आता बदल करा. एकच. ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमधल्या कर्नलच्या ओळीत कर्नलने सुचवलेला पहिला पॅरामीटर ० करून टाका, अपडेट-ग्रब चालवा, रीबूट करा. पीसीआयई_एएसपीएमला अजून हात लावू नका. ० म्हणजे एपीएसटी पूर्ण बंद. बॅटरी थोडी लवकर उतरेल. किमान दोन आठवडे तसंच राहू द्या. आणि त्या ४७ वेळच्या अचानक बंद होण्यामुळे फाइल सिस्टम एकदा लाइव्ह यूएसबीवरून तपासून घ्या.

काजवा (शनिवार, सकाळी ९:५५)

माझ्याकडून खबर: काल अर्लीओओएमने ब्राउझरचा एक टॅब मारला. मशीन क्षणभर अडलं आणि पुढे चाललं. व्हर्च्युअल मशीनमधलं काम शाबूत. दीपमाळ, मनापासून धन्यवाद.

पाऊलवाट (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:४०)

उशिरा लिहिते आहे, कारण दोन आठवडे म्हटलं होतं ते पूर्ण होऊ द्यायचे होते.

२३ दिवस, एकही हँग नाही. फाइल सिस्टम तपासली, तीन-चार अनाथ इनोड (कुठल्याच फोल्डरात नसलेल्या फाइलींच्या नोंदी) निघाले तेवढेच. प्रत वेळेत गेली. शेवटच्या चार रात्री सलग बसले होते आणि सेव्हचं बटण दाबताना हात थबकत नव्हता. या दोन महिन्यांत मी दर दोन ओळींनी सेव्ह करायला लागले होते. ते आता सुटलं.

बॅटरी आधीपेक्षा साधारण वीस मिनिटं कमी चालते. लॅपटॉप मांडीवर घेतला तर डाव्या बाजूला किंचित गरम लागतो. चालेल, पण पूर्ण बंद न करता अधलामधला मार्ग आहे का?

अर्धविराम (रविवार, रात्री ११:१५)

आहे. तुमचाच तक्ता पाहा. कर्नल पाहतो तो बाहेर यायचा वेळ: तिसऱ्या स्टेटचा १,२०० आणि चौथीचा ८,०००. पॅरामीटरला या दोहोंमधला आकडा दिला, तर तिसरीपर्यंत झोपेला परवानगी राहते आणि फक्त चौथी बंद होते. लोक बहुतेक ५५०० देतात, तुम्हालाही तोच चालेल. बचतीचा मोठा भाग तिसरीतच मिळतो. त्याआधी उत्पादकाने एसएसडीसाठी नवं फर्मवेअर काढलंय का तेही बघून घ्या. एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर वापरून पाहा, बऱ्याच एसएसडींचं तिथेच मिळतं.

मात्र दोन्ही एका दिवशी नको. आधी ५५००, मग महिन्याभराने फर्मवेअर.

पाऊलवाट (सोमवार, सकाळी ६:५०)

आज सकाळी ५५०० देऊन बूट केलं. फोन पुन्हा शेजारी लावून ठेवला आहे, डीमेसेज चालू आहे. धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' असं अजून घालत नाही. चौथा आठवडा संपला की कळवते.